निवडायची राहिलेली मेथी

निवृत्तीनंतर, भीतभीतच, मी एका मालिकेचे संवाद लिहू लागले. चार महिन्यांतच ती बंद करण्याचा निर्णय वाहिनीने कळवला. काल संध्याकाळी तिचा शेवटचा भाग होता. माझी धाकटी भावजय सुनंदा नेहमीप्रमाणे मेथी निवडायला टीव्हीसमोर बसली होती.

"वन्सं, राग मानू नका," ती म्हणाली, "पण तुमची माणसं मध्येच गप्प बसतात. मान वर केल्याशिवाय काही कळत नाही. त्या दुसऱ्या मालिकेत कसं, सासू ओरडली की स्वयंपाकघरातसुद्धा समजतं!"

मला राग आला नाही; थकवा मात्र आला. चांगल्या मालिका अल्पायुषी का ठरतात, याची कारणे मी उगाच दूर कुठेतरी शोधत होते. त्या लागतात तेव्हा घराघरांतले हात कामात असतात आणि नजर त्या हातांपाशी असते. मी लिहिलेली शांतता पाहायला कुणीतरी रिकामे बसायला हवे होते. दिवसभर दमलेल्या माणसाकडे एवढे मागण्याचा मला अधिकार तरी काय?

पडद्यावर म्हातारे वडील मुलीची बॅग दारापर्यंत घेऊन आले आणि काही न बोलता उभे राहिले. संकोचाने मी नजर खाली वळवली. सुनंदाच्या हातातली मेथीची काडी तशीच होती, एकही पान न खुडलेली.

भाग संपला.

"बघा," ती करवादली, "अर्धी जुडी तशीच राहिली. आता जेवायला पिठलंच!"