मिठाच्या गोण्या नीट वाचता याव्यात म्हणून

आर्णीत बसस्टँडच्या मागच्या गल्लीत आमचा कॉम्प्युटर क्लास आहे. खाली चपलांचं दुकान, वर आम्ही. तिथे आम्ही दोघी शिकवतो. मी इथून जवळच्या बंजारा तांड्यावरची, आणि ती नेरकडची, तिच्या घरी कापूस आणि तूर. यवतमाळला कॉलेजात एका बाकावर बसायचो, तेव्हापासूनची मैत्री. पुण्याला जायच्या गोष्टी दोघींनीही केल्या होत्या, पण राहिलो इथेच, आणि त्याचं आम्हाला वाईट वाटत नाही.

गेमची गोष्ट माझ्या याडीमुळे सुरू झाली. आमच्या बोलीत आईला याडी म्हणतात. उन्हाळ्यात माझी भाचरं आली होती आणि दिवसभर मोबाईलवर गाड्या पळवत होती. याडी सोयाबीन निवडता निवडता त्यांच्याकडे बघत होती. मधेच मला म्हणाली, "हे कोणतं गाव हाय? रस्त्यानं एक माणूस नाई, एक जनावर नाई. आपल्या बळदायचा खेळ काहून नसते यात?"

बळद म्हणजे बैल. घरी आम्ही गोरबोलीतच बोलतो, इथे सगळ्यांना कळावं म्हणून घरातलं बोलणं वऱ्हाडीत लिहिते आहे. आमचे पूर्वज बैलांच्या पाठीवर मीठ आणि धान्य लादून मुलुखभर हिंडायचे. त्या प्रवासाला लदेणी म्हणतात. बाच्या आजोबांनी शेवटच्या लदेण्या लहानपणी पाहिल्या होत्या, आणि त्या गोष्टी बा अजून सांगतो. पाणी कुठे मिळेल, कोणत्या घाटात बैल थकतात, रात्री गोण्यांचा कोट कसा रचायचा. मी क्लासवर जाऊन मैत्रिणीला म्हटलं, "लदेणीचा गेम बनवू."

ती म्हणाली, "बनवू ना वं. पण कायच्यात?"

कशात, हाच प्रश्न होता. गेम इंजिन म्हणजे गेमसाठीचं तयार सामान. चित्र पडद्यावर आणणं, बोट लागलं की हलवणं, आवाज, टक्कर हे सगळं त्यात कोणीतरी आधीच लिहून ठेवलेलं असतं. आम्ही ठरवलं की ओपन सोर्सच घ्यायचं, म्हणजे ज्याचा सगळा कोड कोणालाही उघडून वाचता येतो आणि बदलता येतो. पण अशी इंजिनं ढीगभर आहेत आणि इंटरनेटवर जो तो आपलंच चांगलं म्हणतो. वाचून डोकं भणाणलं तेव्हा मैत्रीण म्हणाली, "वाचू नको. सगळ्याईत एकच गोष्ट बनवून पाहू."

तीन इंजिनं निवडली. तिन्हींत एकच दृश्य बनवायचं. एक बैल विहिरीपर्यंत चालत जाईल आणि वर एक ओळ दिसेल, "मिठाच्या गोण्या पुढच्या गावी न्या." मग तिन्ही बाच्या फोनवर चालवायची. बाचा फोन जुना, काच एका कोपऱ्यात तडकलेली. पण आमच्या तांड्यावर बहुतेकांकडे तसेच फोन आहेत, म्हणून परीक्षा तिथेच घ्यायची होती.

पहिलं इंजिन मोठं देखणं होतं. माऊसने ओढून सगळं जागेवर ठेवता यायचं, ऊन-सावलीही आपोआप पडायची. क्लासच्या कॉम्प्युटरवर आमचा बैल असा डौलात चालला की मैत्रिणीने टाळ्या वाजवल्या. अक्षरंही बरोबर आली. बाच्या फोनवर मात्र तो एक पाय टाकायचा आणि थांबायचा. बाने फोन या हातातून त्या हातात घेतला.

"चांगला हाय, पण तापून राह्यला," बा म्हणाला. "आन बैलाले काय झालं? लंगडते काहून?"

दुसरं इंजिन मैत्रिणीला फार आवडलं. एका नव्या भाषेत लिहिलेलं, वेगाने पळणारं. पण ते अजून घडत होतं. त्याची नवी आवृत्ती आली आणि आमचं आधीचं काम चालेनासं झालं. दुरुस्त केलं, तर पुढच्या आवृत्तीत पुन्हा तेच. ती कंटाळून म्हणाली, "हे हुशार हाय, पण याच्या भरवशावर आपलं घर नाई बांधता येत."

तिसरं अगदी साधं. ओढून ठेवायला काही नाही, सगळं कोडमध्ये लिहायचं. पण आकाराने लहान आणि स्वभावाने शांत. बाच्या फोनवर बैल झपाझप विहिरीपर्यंत गेला, फोन गरमही झाला नाही. आम्ही दोघी एकमेकींकडे बघून हसतच होतो, तेवढ्यात बाने चष्मा लावला आणि वरची ओळ वाचायला घेतली. तो सातवीपर्यंत शिकलाय, वाचन चांगलं आहे.

"मठि... मठिाच... हे काय लिहून ठेवलं?"

मी वाकून बघितलं. 'मिठाच्या'मधली पहिली वेलांटी 'म'च्या मागे जाऊन 'ठ'वर बसली होती. 'च्या' आणि 'गोण्या' यांची जोडाक्षरं फुटून त्यांचे पाय मोडल्यासारखे दिसत होते. इंजिनला इंग्रजीची सवय, एका अक्षरापुढे दुसरं मांडत जायचं. आपल्या लिपीत अक्षरं जागा बदलतात, एकमेकांत मिसळतात, हे त्याला कोणी शिकवलंच नव्हतं.

मैत्रीण म्हणाली, "ओळीचे फोटो काढून चिकटवू. चालून जाईन."

मला ते पटलं नाही. गेम मराठीत आणि गोरबोलीत दोन्हींत करायचा होता. प्रत्येक वाक्याचं चित्र करत बसलो असतो, तर एक काना बदलायलाही दिवस गेला असता. आणि खरं सांगायचं तर मला रागही आला होता. जगभर वापरलं जाणारं इंजिन, आणि त्याला आपलं मीठ लिहिता येत नाही!

आम्ही त्या इंजिनच्या चर्चेच्या पानावर लिहिलं. इंजिन सांभाळणारा माणूस दूरच्या देशातला. त्याने सभ्यपणे उत्तर दिलं की अडचण जुनी आहे, पण त्यांच्यापैकी कोणालाच अशी लिपी वाचता येत नाही. कोणी काम करून पाठवलं तर ते जरूर बघतील.

मैत्रिणीने ते वाचलं आणि खुर्ची माझ्याकडे वळवली. "आपल्याले येते ना वाचता? मग आपणच करू."

दुपारच्या दोन बॅचच्या मधे वेळ मिळायचा, त्यात आम्ही ते काम केलं. अक्षरांची योग्य जुळणी करणारी एक ओपन सोर्स लायब्ररी, म्हणजे तयार कोडचा संच, आधीपासून होती, ती या इंजिनमध्ये बसवायची होती. ऐकायला सोपं वाटतं. पण इंजिन ज्या भाषेत लिहिलेलं होतं ती, कॉलेजात शिकलेली सी प्लस प्लस, आम्हाला पुन्हा पहिल्यापासून शिकावी लागली. मैत्रीण कोडमध्ये शिरायची, मी अक्षरं तपासायचे. 'राह्यलो', 'तुऱ्हाट्या', 'क्षण', 'श्रावण' अशी जिभेवर येतील ती सगळी अवघड अक्षरं मी त्याला खाऊ घातली. कधी अनुस्वार नाहीसा व्हायचा, कधी रफार शेजारच्याच अक्षरावर जाऊन बसायचा.

पहिल्यांदा पाठवलं तेव्हा परत आलं. अक्षरं नीट दिसतात, पण त्यामुळे इंग्रजी गेमही मंद होतात, असं त्या माणसाने कळवलं होतं. मैत्रीण दोन दिवस तोच कोड उलटसुलट वाचत बसली. तिसऱ्या दिवशी हातात कचोरीचा पुडा घेऊन जिना चढली आणि म्हणाली, "प्रत्येक वेळी नवी जुळणी कायले करायची? एकदा केली का लक्षात ठेवू. ओळ बदलली तरच परत." बसून तिने तेच लिहिलं. चाललं.

मग एक बंगाली माणूस चर्चेत आला आणि त्याने आपली अक्षरं तपासून दिली. एका तमिळ बाईने दोन चुका दाखवल्या, त्या आम्ही काढल्या. शेवटी इंजिन सांभाळणाऱ्याने विचारलं, "हे पुढे कधी मोडलं तर आम्हाला कसं कळणार? तपासणीसाठी एक ओळ द्या, आणि ती कशी दिसायला हवी त्याचं चित्र." आम्ही आमचीच ओळ दिली. आता इंजिनमध्ये काहीही बदल झाला की मशीन ती आधी लिहून बघतं. मिठाच्या गोण्या बरोबर आल्या नाहीत, तर बदल पुढे जात नाही.

काम स्वीकारल्याचा निरोप आला तेव्हा क्लासमध्ये बॅच चालू होती. आम्ही दोघी मुलांसमोरच ओरडलो. खालचा चपलांचा दुकानदार धावत वर आला, "काय झालं वो मॅडम, साप निंगाला का?"

पुढे गेम पुरा करायला वर्ष गेलं. श्रावणात तीजेला लेकी माहेरी येतात, तांडा भरलेला असतो, तेव्हा आम्ही तो मंदिराच्या ओट्यावर दाखवला. मैत्रीण खास गाडी काढून आली होती. तांड्याचे म्हातारे नायक, म्हणजे आमचे प्रमुख, आधी नुसते बघत होते. मग म्हणाले, "आण इकडं," आणि फोन मांडीवर घेतला. पहिल्याच घाटात त्यांचे बैल तहानेने बसले. सगळे हसले. नायकांनी कोणाकडे बघितलं नाही, पुन्हा सुरू केलं, या वेळी आधी नाल्याकाठी थांबले आणि घाट चढले. वर पोचल्यावर मला म्हणाले, "कुत्रा कुठी हाय? लदेणी बिनाकुत्र्याची नसते, बेटी." कुत्रा मी त्याच आठवड्यात घातला.

बा लोकांना गेमबद्दल फार सांगत नव्हता. तो त्या ओळीबद्दल सांगायचा. "सगळ्या जगाच्या मशीनीत माह्या पोरीची ओळ हाय," असं तो पारावर, पानठेल्यावर, कळंबला गणपतीच्या दर्शनाला गेला तर प्रसादाच्या रांगेतही सांगून आला. मी आधी लाजायचे. मग लाजणं सोडलं.

यवतमाळच्या एका कॉलेजने आम्हाला बोलावलं तेव्हा एका मुलीने विचारलं, "मॅडम, मग सगळ्यात चांगलं इंजिन कोणतं?" मी म्हटलं, मोठं देखावेदार काही करायचं असेल आणि खेळणाऱ्याचा फोन दमदार असेल, तर पहिलं घे. शिकायची हौस असेल आणि मोडतोड सोसायची तयारी असेल, तर दुसरं. आम्ही तिसरं घेतलं, कारण ते बाच्या फोनवर चाललं आणि त्यात जे कमी होतं ते आम्हाला भरता आलं. मैत्रीण माईक ओढून म्हणाली, "आन आता त्याले मराठी येते."

गेल्या महिन्यात एक मेल आली. नेपाळच्या डोंगराळ भागातल्या एका शिक्षिकेची. तिने तिच्या शाळेसाठी याच इंजिनमध्ये गेम केला होता. आधी अक्षरं फुटायची म्हणून सोडून दिला होता, आता पुरा झाला. सोबत फोटो होता, बाकावर दाटीने बसलेली मुलं आणि पडद्यावर नेपाळी ओळ. सगळा अर्थ आम्हाला लागला नाही, पण वेलांटी न् वेलांटी आपल्या जागेवर होती. मैत्रिणीने फोटो मोठा करून क्लासच्या भिंतीवर लावला. त्या दिवशी जो कोणी जिना चढून वर आला त्याला, फी विचारायला आलेल्या माणसालाही, आम्ही दोघींनी तो धरून धरून दाखवला.