कडी आतून हवी

मार्थाबाईंना मी पहिल्यांदा पाहिलं ते गुरांच्या कोंडवाड्यात. गेल्या दुष्काळाचे दिवस होते. मी नगरपालिकेत ओव्हरसियर म्हणून नुकताच लागलो होतो आणि कोंडवाड्याची पडकी भिंत पाहायला गेलो होतो. आत मोकाट फिरताना पकडलेल्या गाई, एक वळू आणि त्यांच्यामध्ये पायाला दोरी बांधलेली एक बाई! आमच्या दवाखान्याच्या नर्स मार्थाबाई ती दोरी सोडत होत्या.

शिपायाला विचारलं, तर तो शांतपणे म्हणाला, "कौसाबाई हाय ती, सायेब. बीडाकडनं रस्त्याची खडी फोडायला आल्ती. नवरा मुरमाच्या खाणीत दबून मेला, तवापासनं डोकं फिरलंय. गावाबाहेर सोडली तर माघारी आली. मोकाट फिरणारं हितं आनायचं, असा नेम हाय. मालक आला की सोडू."

हा माणूस दुष्ट नव्हता. आपल्या भाकरीतली अर्धी तो कौसाबाईंना देत असे. त्याला यात काही वावगं वाटत नव्हतं, आणि गावालाही नाही, याने मी जास्त हादरलो. आमच्या गावाचं नाव मुद्दाम लिहीत नाही. गाव वाचेल तेव्हा स्वतःला ओळखेलच.

बाई तडक नगरपालिकेच्या अध्यक्षांकडे गेल्या. मी मागोमाग होतो. अध्यक्षांची तिन्ही मुलं बाईंच्याच हातची, त्यामुळे खुर्ची लगेच मिळाली.

"बाई, तुमचं मन मोठं आहे," अध्यक्ष म्हणाले. "तुम्हीच घेऊन जा तिला घरी. आमची ना नाही."

"मी नेणार नाही," बाई म्हणाल्या.

अध्यक्षांनी हातातला चहाचा कप खाली ठेवला. खरं सांगतो, मलाही धक्का बसला. अर्ध्या गावाची बाळंतपणं केलेल्या, पदरच्या पैशानं पोरांना दूध पाजणाऱ्या बाई असं बोलतात?

"मी नेली तर ती माझी होईल," बाई पुढे म्हणाल्या. "मग उद्या दुसरी कोणी आली की तुम्ही पुन्हा कोंडवाडा उघडाल. कामाला तिला आपण बोलावलं. रस्ता आपला, हद्द आपली. राहायला जागा नगरपालिकेनं द्यायची."

"पण ती परमुलखातली!"

"खडी फोडताना कुणी मुलूख विचारला होता?"

गावात बाईंची छी-थू झाली. सेवेच्या नुसत्या गप्पा, असं लोक तोंडावर म्हणाले. बाई ड्यूटी संपली की कोंडवाड्यात जाऊन बसत. कौसाबाई कधी ओरडत, कधी बाईंनाच ओरबाडत. हातावरचे ओरखडे तसेच घेऊन बाई पुन्हा अध्यक्षांच्या दारात उभ्या राहत. अखेर सभेत ठराव झाला: दवाखान्याच्या आवारातली औषधांची जुनी खोली राहण्यासाठी द्यावी.

दुरुस्ती माझ्याकडे आली. मी दाराला बाहेरून कडी बसवली. वेडं माणूस, सावधगिरी नको का! बाईंनी पाहिलं आणि एवढंच म्हणाल्या, "दादा, कडी आतून हवी. घर आहे ते." त्याच दिवशी मी ती कडी काढून आतून बसवली.

बाई कडक वाटतात, पण माझी पत्नी बाळंत झाली तेव्हा पहिले दहा दिवस सकाळची पेज त्यांच्याच घरून येत होती. मागितली नव्हती, आणि नको म्हणायची सोयही नव्हती.

या गौरवग्रंथासाठी बाईंचा फोटो आणायला परवा दवाखान्यात गेलो. बाई कौसाबाईंच्या खोलीत आहेत असं कळलं. पुण्याच्या डॉक्टरांच्या औषधानं कौसाबाई आता पुष्कळ सावरल्या आहेत. मी दार वाजवलं.

"कोन हाय?" आतून आवाज आला.

मी नाव सांगितलं, हुद्दाही सांगितला.

"थांबा जरा. केस इंचरतेय."

भर उन्हात नगरपालिकेचा ओव्हरसियर बंद दाराबाहेर उभा, आणि आत मार्थाबाई खळखळून हसत होत्या.

बाई साठ वर्षांच्या होत आहेत. आमच्यासारख्यांना अशा दारांबाहेर थांबायला शिकवण्यासाठी त्यांना उदंड, निरोगी आयुष्य लाभो.