शिवेपलीकडची धनगरीण

त्या धनगरणीचे नाव मी विचारले नाही, पण दर दसऱ्याला ती आठवते.

रझाकारांच्या धाकाने आमच्या गावाने सिलंगणाला शीव ओलांडणे सोडले होते. गल्लीतच सोने वाटायचे. धाक संपला त्या वर्षी वाजतगाजत निघालो खरे, पण शिवेच्या दगडापाशी सवयीने सगळ्यांचे पाय अडले. पुढे कोण जातो, हे मीही पाहत राहिलो.

आपट्याचे झाड पलीकडे होते. तिथे मेंढरे चारणारी ती बाई कमरेवर हात ठेवून ओरडली, "अवं अण्णा, कामून थांबलाव? सोनं काय चालत येतंय व्हय तुमच्याकडं?"

एकच हशा उसळला आणि हसतहसतच अख्खे गाव शीव ओलांडून गेले.

मी पहिली पाने तिलाच दिली. "सोनं घ्या अक्का, सोन्यासारखं राहा."

कानडीत तीच शुभेच्छा देऊन तिने पाने कपाळाला लावली आणि थेट एडक्याच्या शिंगात खोवली.

"पयला मान ह्याचा. ह्यानं एक साल बी शीव वलांडायची सोडली न्हाई."

मग मीही वाकून एडक्यापुढे सोने धरले. ढोल कडाडत असताना, साऱ्या गावादेखत, त्याने ते खाऊन टाकले.