चाकांना लावलेलं कुंकू

यांना लकवा झाला तेव्हा बोलणं गेलं आणि उजवा हातही जवळजवळ गेला. व्यायाम शिकवायला येणाऱ्या बाईंनी मला बाजूला घेऊन सांगितलं, की हात हलता राहिला नाही तर काही महिन्यांत बोटं मुठीत आखडतील, मग उघडणार नाहीत. बाई चेंडू द्यायच्या, वाटी द्यायच्या. हे भिंतीकडे बघत राहायचे. हात उचलायचे ते फक्त इंजिनासाठी.

ते इंजिन यांनीच केलेलं. एमआयडीसीतल्या लोखंडाच्या मिलमध्ये हे फिटर होते. लहानपणी बदनापूरच्या स्टेशनात बघितलेलं इंजिन यांनी पत्र्याचं, हातभर लांबीचं बनवलं. दिसायला वाफेचं, पण चालायचं करंटवर. पलंगाभोवती रूळ आणि यांच्या उशाशी बटणाचा डबा. रोज सकाळी हे थरथरत्या बोटानं बटण फिरवायचे आणि इंजिन पलंगाला फेरा घालायचं.

दसरा झाला आणि ते बंद पडलं. दोन दिवस यांनी बटण फिरवून पाहिलं. तिसऱ्या दिवशी हात उचललाच नाही. आठवड्याभरात बोटं आत वळायला लागली. मी ती उलगडून धरायची. सोडली की परत मिटायची.

मला परक्या माणसाशी बोलता येत नाही. दुकानातसुद्धा मी वस्तूकडे बोट दाखवते. तरी इंजिन जुन्या साडीत गुंडाळून जालन्याला गेले. मोटार वाइंडिंगच्या दुकानाबाहेर किती वेळ उभी होते कोण जाणे. शेवटी मिस्त्रींनीच हाक मारली. ते यांना मिलमुळे ओळखत होते. त्यांनी बॅटरीच्या वायरी थेट इंजिनातल्या मोटारीला लावल्या. मोटार फिरली.

"वहिनी, मोटार बिलकुल ठीक हाय. करंट तिच्यापर्यंत येऊन न्हाई राह्यला, मधात कुठंतरी अडतोय."

मग धुराड्यावरचं हळदीकुंकू बघून म्हणाले, "इंजिनाची नवरी केली की तुम्ही."

मी पदराआड हसले. त्यांनी दोन वायरींचा एक बारका बल्ब दिला आणि समजावलं. करंट रुळातून चाकात जातो, चाकाला घासणाऱ्या तांब्याच्या पट्टीतून मोटारीत. रुळापासून सुरुवात करून पुढं जात राहायचं. जिथं बल्ब लागणार नाही, त्याच्या अलीकडं खोट.

घरी यांच्यासमोरच बसले. बटण चालू करून रुळांना बल्बच्या वायरी लावल्या, बल्ब लागला. चाकांना लावल्या, लागला नाही. इंजिन उलटं केलं. चाकांच्या कडांवर काळा थर साचला होता. नखानं खरवडला तर आत लाल.

खांडेनवमीला मी दरवर्षी यांचे पाने, हातोडी मांडून पूजा करायची. यंदा यांच्या हाताला लागणारं हत्यार म्हणजे इंजिनच. कुंकू झडू नये म्हणून तेलात कालवलं होतं. एकही चाक राहू नये म्हणून आठही चाकांना बोटानं गोल फिरवून लावलं होतं. यांचा हात बरा व्हावा म्हणून.

हे पलंगावरून बघत होते. मला मान वर करता आली नाही.

पाठीला फोड येऊ नयेत म्हणून आणलेलं स्पिरिट घेतलं आणि कापसानं एकेक चाक पुसलं. पट्टीमागचा मळ काढताना केसातल्या आकड्यानं पट्टीच वाकली. आता त्या बाजूला बल्बच लागेना. आधी हात मोडला, आता इंजिनही मोडलं, असं वाटून मी तिथंच रडले. मग पट्टी परत चाकाला टेकेपर्यंत दाबत गेले. बल्ब लागला.

इंजिन रुळावर ठेवून मीच बटण फिरवलं. त्यानं पलंगाला पूर्ण फेरा घातला.

यांचा हात उचलला गेला नाही. दुसऱ्या दिवशीही नाही. व्यायामाच्या बाईंनी बोटं उलगडून बघितली, ती परत मिटली.

कुंकवाचं मी यांना अजून सांगितलेलं नाही. हल्ली इंजिन मी चालू करते आणि ते पलंगाच्या मागं, यांना दिसणार नाही तिथं गेलं की थांबवते. "बंद पडलं, मला न्हाई जमत," म्हणते आणि माझे हात मांडीवर ठेवून, यांचा हात उठायची वाट बघत बसते. मी खोटं बोलते हे यांना कळतं. डोळे वटारतात.

काल पहिलं बोट मुठीतून अर्धं बाहेर आलं. कोपर थरथरलं. बोट बटणापर्यंत पोचलं नाही. डबा वीतभर पुढं सरकवावा असं फार वाटलं. सरकवला नाही. इंजिन अजून तिथंच मागं उभं आहे.