देवीला सोडलेलं तिखट

माझं माहेर तुळजापूर. वडिलांचं कुंकवाचं आणि कवड्यांच्या माळांचं दुकान होतं, आणि शाळा सुटली की मी तिथंच एका स्टुलावर बसून अभ्यासाचं सोंग करायची. त्यामुळे देवीसाठी माणसं काय काय सोडतात, हे शिक्षण मला नर्सिंगच्या कितीतरी आधी मिळालं. कुणी चहा सोडलेला असे, कुणी वांगं, कुणी पायातली चप्पल. मनातली इच्छा पुरी होईपर्यंत ती वस्तू बंद. आणि एकदा का पोरगं पास झालं, सून बाळंत झाली, की तीच माणसं मिळेल त्या एसटीनं नवस फेडायला हजर. चहा सोडलेले एक बाप्ये तर दर्शन करून बाहेर आले ते थेट आमच्या समोरच्या टपरीवर, आणि कपामागून कप रिचवत बसले. वडील हसून म्हणायचे, "सोडलेलं धरायला माणूस लई उतावीळ असतोय."

हे वाक्य मला पुढं भूम तालुक्यातल्या एका गावात उपयोगी पडेल, असं तेव्हा कुणी सांगितलं असतं तर मी त्याला वेड्यात काढलं असतं.

त्या गावच्या आरोग्य उपकेंद्रात मी समुदाय आरोग्य अधिकारी आहे. पद उच्चारेपर्यंत पेशंट घरी जाईल, म्हणून गाव मला सिस्टर म्हणतं. तिशी ओलांडलेल्या प्रत्येकाचा बीपी बघायचा, साखर बघायची, आणि कॅन्सरची सुरुवात तर नाही ना, हे तपासायचं. साखर तपासून घ्यायला लोक हौसेनं येतात. बायकांना "तोंड दाखवा" म्हटलं, की मात्र पदर आडवा.

कारण मिश्री. तव्यावर तंबाखू काळी होईस्तोवर भाजायची, कुटायची आणि सकाळ-संध्याकाळ बोटानं दातांना लावायची. आमच्याकडच्या कितीतरी बायकांचा दिवस तिच्याशिवाय उजाडत नाही. सगळ्यांना माहीत असतं, पण दाखवायचं कुणालाच नसतं. "मला काय धाड भरलीय? भाकर खाते, भांडण करते," असं सांगून बाई पसार. मी स्वभावानं तापट. आई म्हणायची, हिला चुलीवर ठेवायची गरजच नाही. सुरुवातीला मी रागावून बघितलं, भीती घालून बघितली. परिणाम एवढाच झाला, की मी गल्लीत शिरले की दारं लागायला लागली.

त्या गावात एक काकू होत्या. आजूबाजूच्या गावांत लग्न निघालं, की येसर करायला त्यांनाच बोलावणं. येसर म्हणजे आमच्याकडचा लग्नाच्या आमटीचा मसाला. धान्य, डाळी आणि गरम मसाले भाजून केलेला. तो नीट जमला नाही तर वरपक्ष वर्षभर बोलून दाखवतो. काकूंचा ठेचा तर असा, की पाहुणा नाक पुसत पुसत दुसऱ्यांदा मागायचा. बोलणंही ठेच्यासारखंच.

दिवाळीनंतरची गोष्ट. घरभेटीला गेले, तेव्हा काकू जेवायला बसायच्या तयारीत होत्या. धाकट्या लेकीचं लग्न ठरलं होतं, सुपारी फुटली होती, घर खुशीत होतं. त्यांनी मलाही हाताला धरून बसवलं. माझ्या ताटात भाकरी, पिठलं, ठेचा. लेकीच्या ताटात तेच. स्वतः मात्र दुधात भाकरी कुस्करून घेतली.

"काकू, ठेच्याच्या मालकिणीनंच ठेचा सोडला?"

"देवीला सोडलाय. तिखट न्हाय खायाचं, लेकीचं लगीन जमंपत्तुर."

"मग जमलं की! सुपारी फुटली. फेडा नवस, घ्या ठेचा."

"लगीन लागल्यावर," काकू म्हणाल्या आणि नजर दुधात घातली.

घास माझ्या तोंडातच थांबला. तुळजापूरच्या पोरीला हे पटणारं नव्हतं. नवस पुरा झाल्यावर तो स्वतःहून लांबवणारा भक्त मी दुकानात बसून कधी पाहिला नव्हता. आणि देवीला माणूस गोडधोड सोडतो, चहा सोडतो. आमच्या भागात तिखट सोडणं म्हणजे जेवणच सोडणं. शिवाय आमची देवी काही दूधभातावरची नाही.

लेकीला मी पाणी आणायला पिटाळलं. "काकू, मी तुळजापूरची. मला फसवू नका. जळतंय ना तोंडात?"

काकूंनी ताट बाजूला सारलं. मग पदर डोळ्यांना लावला. "लई जळतंय गं. मिठाचा खडासुदिक न्हाय सोसत. उष्णता आसंल म्हनून सब्जा खाल्ला, तूप लावलं. जळजळ थांबावी म्हनून वरनं मिश्री दाबून धरते, मंग जरा बधिर हुतं."

जळणाऱ्या जागेवर जाळणारीच वस्तू! मला ओरडावंसं वाटलं. पण पहिल्यांदाच एका बाईनं मला खरं सांगितलं होतं, म्हणून मी जीभ आवरली. पिशवीतून बॅटरी काढली. काकूंनी तोंड उघडलं. डाव्या गालाच्या आत पांढरा चट्टा होता आणि त्याच्या मधोमध लाल, खरबरीत जखम. मला भीती वाटली, आणि ती चेहऱ्यावर दिसू नये म्हणून मी बॅटरीशी उगाच खटपट करत राहिले.

पुढची पायरी सरळ होती. जिल्ह्याला जायचं, जखमेचा लहानसा तुकडा काढून तपासायला द्यायचा. काकूंनी साफ नकार दिला. "सुरी लागली की ते खवळतंय, पसरतंय. आन् सोयऱ्याला कळलं तर माझ्या लेकीचं लगीन मोडंल. उन्हाळ्यात लगीन हाय. ते हुंद्या, मंग माझं काय बी करा."

उन्हाळ्यापर्यंत थांबणं म्हणजे काय, ते मला माहीत होतं. आज गालापुरतं असलेलं उद्या जबड्यात, मानेच्या गाठीत उतरतं. लेकीचं लग्न बघायला म्हणून थांबलेली आई लेकीचं पहिलं बाळंतपण बघेलच, याची खात्री कुणी दिली असती? मी हे सगळं सांगितलं. शेवटी राहवेना, ओरडलेच, "सुरीनं पसरत नाही, तुमच्या वाट बघण्यानं पसरतं!" काकू ताटं उचलायला लागल्या. मी तणतणत घरी आले.

मग डोकं थंड झाल्यावर सुचलं. दुसऱ्या दिवशी पुन्हा गेले. म्हटलं, "काकू, नवस बोललात ना? चला तुळजापूरला. मी येते सोबत. गावाला दर्शनाला चाललो म्हणून सांगू. वाटेत धाराशिव लागतंच."

काकूंचा चेहरा जरासा सैल झाला. "लई चाप्टर हायस," म्हणाल्या, आणि धाराशिवला उतरायला तयार झाल्या.

जिल्ह्याच्या सरकारी दवाखान्यातल्या दातांच्या डॉक्टरीणबाईंनी काकूंना खुर्चीत बसवलं, काय करणार ते आधी समजावून सांगितलं, जागा बधिर केली आणि तुकडा काढला. काकू बाहेर येऊन म्हणाल्या, "झालं? येवढ्यासाठी म्या भ्याले व्हते?" सरकारी दवाखान्याला नावं ठेवायचा हक्क सगळ्यांना असतो. मलाही आहे, आणि मी तो भरपूर वापरते. पण त्या दिवशी त्या खोलीतून बाहेर पडताना मी ताठ चालत होते.

मला वाटलं, आता परत फिरावं. पण काकू अडून बसल्या. दर्शनाला म्हणून निघालोय, दर्शन झालंच पाहिजे. देवीच्या नावावर एकदा खोटं बोलले ते पुरे. गालात कापूस, वरून पदर, अशा त्या गर्दीत उभ्या राहिल्या. मी मागेच होते. त्या जे पुटपुटल्या ते माझ्या कानावर आलं. "आई, तुझ्यासाठी न्हाय सोडलं. जळत हुतं म्हनून सोडलं. तुझं नाव पुढं केलं, माफी कर." मी लहानपणापासून त्या देवळात लाखो मागण्या ऐकल्या असतील. अशी कबुली ऐकली नव्हती. माझे डोळे भरून आले आणि मी ते पुसले नाहीत.

रिपोर्ट आला. कॅन्सरच होता. पण लहान, गालापुरता, गाठीत न उतरलेला. मोठ्या सरकारी रुग्णालयातले सर्जन म्हणाले, "वेळेत आणलंत." हे दोन शब्द मी जपून ठेवले आहेत. वीट येईल असं काम असेल त्या दिवशी काढून वापरते.

ऑपरेशन सरकारी योजनेतून, फुकट होणार होतं. राहिलं होतं ते सोयऱ्यांना सांगणं. मी म्हटलं, दाढेचं ऑपरेशन म्हणून सांगू. काकूंनी मला उडवून लावलं. नव्या सोयऱ्यांच्या घरी स्वतः गेल्या आणि होणाऱ्या विहीणबाईंसमोर बसून सांगितलं, "मला गालाचा कॅन्सर निघालाय, लवकर सापडलाय, काढून टाकनारंय. तुमाला लगीन मोडायचं आसंल तर आताच सांगा." विहीणबाईंनी लग्न मोडलं नाही. उलट ऑपरेशननंतर भेटायला आल्या, जाताना उपकेंद्रात डोकावल्या, आणि दार लोटून घेत म्हणाल्या, "माझंबी बघा जरा." निघालं काही नाही. पण मिश्री बंद करा म्हटल्यावर त्यांनी माझ्याकडे असं बघितलं, की लग्न माझ्यामुळंच मोडतंय की काय, असं मला वाटून गेलं.

ऑपरेशननंतर काकूंचं तोंड पुरतं उघडेना. त्यासाठी व्यायाम असतो. दातांमध्ये आइस्क्रीमच्या लाकडी पट्ट्या धरायच्या आणि हळूहळू एकेक वाढवत न्यायची. दुखतं. घरी करणार नाहीत हे ओळखून मी त्यांना उपकेंद्राच्या ओट्यावर बोलवायला लागले. सगळ्या गावाच्या येण्याजाण्याच्या वाटेवर, पदर बाजूला सारून, तोंडात पट्ट्या धरून काकू बसलेल्या. बायका आधी लांबून बघायच्या, मग जवळ येऊन, मग शेजारी बसून. माझ्या रागावण्यानं जे झालं नव्हतं ते त्या ओट्यानं केलं. तपासणीच्या दिवशी आता मला "आ करा" म्हणावं लागत नाही. मी एवढंच विचारते, "शेवटचा ठेचा कधी खाल्ला?" जिचं उत्तर अडखळतं, तिच्यासाठी बॅटरी काढते.

हे माझं काम आहे आणि मला त्याचा अभिमान आहे. नम्रपणा मला जमत नाही, आणि या बाबतीत मी तो शिकणारही नाही.

उन्हाळ्यात लग्न लागलं. येसर काकूंच्याच देखरेखीत झाला. आमटीला उकळी आल्यावर त्यांनी बोटाच्या टोकावर थेंबभर घेतली आणि जिभेला लावली. डोळ्यांत पाणी आलं. मी धावले. हातानं मला थांबवत म्हणाल्या, "जळत न्हाय गं. कमी तिखट झालीय." आणि पदर खोचून स्वतः वाढायला उभ्या राहिल्या.

पंगतीत एक बाई बसली होती. काकूंच्याच वयाची, शेजारच्या गावची. काकू आमटी घेऊन आल्या तशी तिनं वाटीवर हात ठेवला. "मला नगं, म्या तिखट सोडलंय देवीला. नुसता दूधभात द्या."

काकू थबकल्या. हातातली बादली खाली ठेवली. भर पंगतीत, वरपक्षासमोर, त्यांनी तिच्यापुढं बसकण मारली.

"देवीला सोडायचं तर पेढा सोड," त्या म्हणाल्या. "तिखट सुटलं आसंल तर उद्या सिस्टरकडं चल. म्या येते संगं."

दुसऱ्या दिवशी सकाळी मी पोचले तेव्हा काकू ओट्यावर बसल्या होत्या, अंगावर लग्नातलंच लुगडं, हळद अजून हाताला. शेजारी ती बाई होती. मी पिशवीतून किल्ली काढली, आणि मला बघताच तिनं पदर बाजूला सारला. कुलूप निघायच्या आधीच तिनं तोंड उघडलं होतं.