अर्धा सूर खाली

मंडळी, आज सकाळी रियाजाला वरचा षड्ज इतका सहज लागला की गाता गाता हसूच आलं. सत्तरी ओलांडल्यावर असं सुख रोज मिळत नाही.

तानपुरा माझी शिष्या वैशाली लावते. कॉलेजात शिकवायला जाण्याआधी ती माझ्याकडे येते. मी सहज म्हणून पेटीवर माझा नेहमीचा सूर दाबला, तर तो तानपुऱ्याशी जुळेना. तानपुरा अर्धा सूर खाली लावलेला होता.

"वर जाताना तुम्हाला त्रास होऊन राहिला होता न, ताई," ती हळूच म्हणाली.

मी रागवणार होते. पण मला महाल भागातली माझ्या गुरुजींची खोली आठवली. सत्तरच्या दशकातली गोष्ट. गुरुजींचा आवाज वर पोचेनासा झाला होता. एका सकाळी त्यांची अंघोळ होईपर्यंत मी तानपुरा गुपचूप अर्धा सूर उतरवून ठेवला. त्या दिवशी ते मनसोक्त गायले. मग डोळे पुसत म्हणाले, "आज आवाज मस्त लागला वं. आता तानपुरा तूच लावत जाय."

मला वाटलं, गुरुजींना कळलंच नाही. पन्नास वर्षं मी त्याच समजुतीत होते. त्या दिवसानंतर त्यांनी पेटी कधी उघडली नाही, हे मात्र मला आज आठवलं.

मी पेटी बंद केली, तिच्यावर कापड टाकलं आणि वैशालीला म्हटलं, "आता तानपुरा तूच लावत जाय वं."