उशिरा पडलेला नांगर

हेडफोनमध्ये ऑर्डर आली, तेव्हा मी आमच्या राहात्याच्या पेरूंची बढाई मारत होतो.

ऐकणारे होते सुभेदार भिंगारदिवे, राहणार भिंगार. त्यांच्या युनिटचे ट्रक आमच्या जहाजाच्या पोटात होते. मी नौदलात पेटी ऑफिसर, मागच्या नांगराचा इन्चार्ज. समुद्रात आठ वर्षांनी नगरकडचा माणूस भेटला होता.

आमचं जहाज लँडिंग शिप. ते थेट वाळूवर चढतं, पुढचं दार उघडतं आणि गाड्या उतरवतं. पण चढण्याआधी, किनारा दूर असतानाच, मागून समुद्रात नांगर टाकावा लागतो. काम झालं की विंचने, म्हणजे मोटरवर फिरणाऱ्या रहाटाने, त्याची वायर ओढायची, म्हणजे जहाज मागे सरकतं. जहाज म्हातारं होतं, तरी हे काम बिनतक्रार करायचं.

"नांगर सोडा!"

"सोडला, सर," मी सवयीने म्हणालो आणि पेरूची गोष्ट पुरी केली. मग विंचचा ब्रेक सोडला. थोडीशी वायर गेली, तोच जहाज वाळूला टेकलं.

"वायर बरोबर गेली?" कॅप्टन साहेबांनी ब्रिजवरून, म्हणजे जहाज चालवायच्या वरच्या खोलीतून, विचारलं.

"येस सर."

अठरा वर्षांची सर्व्हिस, आणि खोटं बोलायला दोन शब्द पुरले.

गाड्या उतरायला चाळीस मिनिटं लागली. ओहोटी लागली होती. मला ते दिसत होतं. मी विंचला उगाच ग्रीस लावत बसलो.

मग विंच सुरू केला. नांगर मुळ्यासारखा उपटून आला. जहाज जागचं हललं नाही. दुपारी आम्ही कोरड्या वाळूवर होतो आणि शेजारच्या गावातली माणसं जहाज बघायला आली होती. त्या दिवशीची भरती मोठी होती. उद्यापासून पाणी कमी चढणार होतं. संध्याकाळी सुटलो नाही, तर पंधरा दिवस तिथेच. जहाजाच्या जुन्या तळाने तेवढं सोसलं असतं की नाही, कुणालाच सांगता येत नव्हतं.

कॅप्टन साहेब मागे आले. "काय झालं?"

"सर, ब्रेक..." मी सुरुवात केली. ते वाकून ब्रेक तपासू लागले. "ब्रेक ठीक आहे, सर. मी उशिरा सोडला. वर खोटं बोललो."

"सकाळीच सांगितलं असतंस, तर ओहोटीआधी इंजिन उलटं फिरवून पाच मिनिटांत मागे आलो असतो."

ते ओरडले असते तर बरं वाटलं असतं.

मी वाळूवर उतरलो. भिंगारदिवे नांगरापाशी उभेच होते.

"गाववाले, ह्यो नांगर टाकलाय का पेरनी केलीय?"

"सुभेदार साहेब, तुमच्या गाडीने एवढा पाण्याकडं ओढून द्या."

"देतो की. पर पेरूचं आता न्हाई सांगायचं."

बंद पडलेले रणगाडे ओढणाऱ्या त्यांच्या गाडीने नौदलाचा नांगर पार पाण्यात नेऊन ठेवला. आमचे खलाशी रांगेत उभे राहून बघत होते. मला कुणी काही बोललं नाही, एवढी वाईट अवस्था होती.

संध्याकाळी भरती चढली. वायर ताणली. जहाज कण्हलं, थरथरलं आणि सुटलं. मी मान खाली घालून रडलो. डोळ्यांत ग्रीस गेलं म्हणून सांगितलं. दिवसातलं तिसरं खोटं.

रिपोर्ट मी स्वतःच्या हाताने लिहिला. प्रमोशन लांबलं, इतकं की ते येण्याआधी जहाज निवृत्त झालं.

कबुली द्यायला लाज वाटते, हे खरं. पण लवकर दिली तर ती एकट्या साहेबांसमोर द्यावी लागते. उशीर केला की सगळा गाव बघायला येतो.